उष्टावणाचा वाडगा

खराद्याच्या घरात बाई दिली की तिच्या हातात दोन वस्तू येतात, एक लाटणं आणि दुसरी वादी. लाटणं कुठल्याही घरात मिळेल. वादी म्हणजे चामड्याचा लांब पट्टा. खरादाच्या दोन खुंटांमध्ये लाकूड बसवायचं, त्याला वादीचा वेढा द्यायचा, तिची टोकं दोन हातांत धरायची आणि एकदा हे टोक, एकदा ते टोक ओढत राहायचं. लाकूड पुढे फिरतं, मागे फिरतं. समोर बसलेला कारागीर ते पुढे येताना हत्यार टेकवतो, मागे जाताना उचलतो. पलंगाचे खूर, पाळण्याचे कळस, चरख्याचे दांडे, सगळं असंच निघतं. नाव मात्र एकट्या खराद्याचं होतं. ओढणारीचे खांदे संध्याकाळी कुणी चोळून दिल्याचं मला तरी आठवत नाही.

आमचं गाव बालाघाटाच्या पायथ्याला, एका ओढ्याच्या काठी. वडवणीचा बाजार पायी गाठता येई. अंमल निजामाचा, पण निजाम आम्हाला कधी दिसला नाही. दिसायचा तो चावडीवरचा शिपाई आणि त्याच्या हातातला उर्दू कागद, जो वाचणारा गावात एकच होता. मी स्वतः अक्षरं शिकले ती फार उशिरा, नातवाच्या पाटीवर. इथे नावं कुणाचीच लिहिणार नाही. घरधन्याचं नाव तोंडानं घ्यायची आमच्यात रीत नव्हती, ते आता हातानंही लिहवत नाही.

मी स्वभावानं तापट. सासरी आले तेव्हा सासऱ्यांची विधवा बहीण घर सांभाळत होती, तिला मी आत्याबाई म्हणे. तिनं पहिल्याच आठवड्यात जाहीर केलं, "पोरगी कामाची हाय, पर तोंडाची फटकळ हाय." आता तोंड उघडायची सोय होती कुठे? दिवसाउजेडी नवऱ्याशी बोलायचं नाही, सासऱ्यांसमोर पदर खाली ओढायचा, आणि आत्याबाईंसमोर दोन्ही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. मग माझा सगळा राग वादीत उतरे. घरधनी समोर हत्यार धरून बसलेले असत. वादीला हिसका बसला की त्यांना लगेच कळे. मान वर न करता हळूच विचारत, "आज आत्यानं काय केलं?" मी बोलत नसे, आणखी एक हिसका देई. ते हसत. घरात नवरा-बायकोनं एकमेकांकडे बघितलं तर निर्लज्जपणा, पण खरादावर समोरासमोर बसणं हे काम होतं, त्याला कोण नाव ठेवणार? माझा जो काही संसार झाला तो त्या दोन खुंटांच्या आडच झाला.

एका वर्षी घरधनी शेजारच्या गावच्या उरुसाला गेले आणि पिसाटल्यासारखे परत आले. हैदराबादच्या एका व्यापाऱ्यापाशी त्यांनी लाकडी वाडगा पाहिला होता, काठाखाली रंगीत दगडांचा पट्टा बसवलेला. व्यापाऱ्यानं तो हातात धरू दिला नाही, लांबून दाखवला आणि म्हणाला, हा अकीक आहे. घरधनी मला खरादावर सांगत होते, "अकीक म्हनं. आपल्या वढ्यात पडल्यात त्या गारगोट्या, दुसरं काय?" खरंच होतं ते. पाणी ओसरलं की आमच्या ओढ्याच्या पात्रात पांढऱ्या, मधाच्या रंगाच्या, क्वचित लालभडक गारगोट्या उघड्या पडत. पोरं त्या एकमेकींवर घासून ठिणग्या काढत. घरधनी त्या वेचून आणू लागले. उन्हाकडे धरून बघायचे, आरपार उजेड दिसला तर ठेवायचे, नाहीतर फेकून द्यायचे. आत्याबाई म्हणाल्या, "लोकं रानातून लाकडं आनत्यात, आमचं पोरगं धोंडे आनतंय. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं."

पुढच्या श्रावणात मला मुलगी झाली. मुलगी म्हणून कुणी साखर वाटली नाही, पण घरधन्यांनी शिसवाचा एक ठोकळा निवडून काढला. म्हणाले, "हिचं उष्टावन माझ्या वाडग्यात."

आत्याबाईंनी कपाळाला हात लावला. "लाकडाच्या वाडग्यात उष्टावन कुनी करतंय व्हय रं? काशाची वाटी हाय की घरात."

"खराद्याची लेक हाय ती," घरधनी म्हणाले, "कासाराची न्हाई."

ओलं लाकूड एकदम पातळ उतरवलं तर वाळताना तडकतं, म्हणून वाडगा दोनदा उतरवायचा असतो. पहिल्यांदा जाडजूड, नुसता आकार. मग तो भुशात पुरून सावलीत महिनोन्महिने वाळू द्यायचा. वाळताना लाकूड आक्रसतं आणि वाडगा गोल राहत नाही, लांबट होतो. मग तो पुन्हा खरादावर चढवून आतून-बाहेरून छिलून गोल करायचा, आणि त्यानंतरच दगड बसवायचे. दगड काही आक्रसत नाही. ओल्या लाकडात बसवला तर लाकूडच फुटतं. बाळंतपणानंतर मी पहिल्यांदा वादी धरली ती या वाडग्यासाठी. पोरगी शेजारी गोधडीवर होती. पहिली उतरण झाल्यावर घरधन्यांनी वाडग्याच्या आत बोट फिरवलं, मला दाखवलं, आणि भुसा भरलेल्या कणगीत तो पुरून टाकला.

पाऊसकाळ संपता संपता मानमोडी आली. तापाची साथ ती. माणूस मान टाकून निजायचा तो उठायचाच नाही. ओढ्याकाठी एक सरण विझायच्या आत दुसरं पेटे. एका सकाळी घरधनी म्हणाले, अंग मोडून आलंय. मग त्यांना उठवेना. पोरीला त्यांच्याजवळ न्यायची मनाई होती, ती त्यांनीच केलेली. मी उंबऱ्यात उभी राहून तिला उंच धरायची आणि ते आतून बघायचे. एकदा तिला बोलवायला त्यांनी हात वर केला, मग स्वतःच खाली घेतला. त्यानंतर तो हात हलला नाही.

मी रडले नाही असं आत्याबाई पुढे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. खोटं आहे ते. मी गोठ्यात जाऊन गाईच्या मानेत तोंड खुपसून रडले, आणि आज हे लिहितानाही रडते आहे. माझं त्या माणसावर प्रेम होतं. आमच्यात असं कुणी म्हणत नसे, म्हणून मी एकदा म्हणून ठेवते.

मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, खराद बंद केला. त्यांना तो एकच मुलगा. दिवसभर ओट्यावर बसत आणि बोलत फक्त पोरीशी. रीतीप्रमाणे त्यांनी माझ्याशी थेट बोलायचं नाही, मी त्यांच्याशी नाही. आत्याबाई जवळ नसल्या की आमच्यात मध्यस्थ पोरगी. ते तिला म्हणत, "बाये, तुझ्या आईला म्हनावं, पानी दे." मीही तिलाच सांगे, "तुझ्या आज्याला म्हन, भाकर झाली." ती बिचारी मूठ चोखत दोघांकडे आळीपाळीनं बघे.

संक्रांतीच्या सुमाराला माझा थोरला भाऊ आला. दादा बोलायला गोड आणि कामाला रोकठोक. मामंजींच्या शेजारी ओट्यावर बसला आणि मी दाराआड आहे हे माहीत असून मोठ्यानं बोलू लागला. आष्टीकडचं एक स्थळ त्यानं पाहिलं होतं. बायको गेलेला माणूस, शेतीवाडी बरी.

"ती तरनी हाय," दादा म्हणाला. "मामा, तुमी आज हाय, उद्या न्हाई. तुमच्या मागं हिला कोन बघंल?"

मामंजींनी ओट्याच्या कडेवरून हात फिरवला. मग म्हणाले, "खरं हाय तुजं. मी पिकलं पान."

"आन् लेकरू तुमचंच. ती तर रीतच हाय," माझा सख्खा भाऊ म्हणाला.

वरच्या जातींत तेव्हा विधवेचं डोकं बोडत आणि तिला कोपऱ्यात बसवत. आमच्यात तसं नव्हतं, आमच्यात पाट लागे, दुसरं घर करता येई, आणि याचा आमच्या लोकांना मोठा अभिमान. पण पाटानं जाणारीनं पहिल्या घरातलं काही न्यायचं नाही. डोरलं, जोडवी, लुगडी सगळं ठेवून निघायचं. आणि लेकरूही ठेवायचं, कारण लेकरू बापाच्या कुळाचं. मी आत घागर आदळली. मग दादा म्हणाला, "तापट हाय, पर मनानं चांगली हाय." जणू मी म्हैस होते आणि तो गिऱ्हाइकाला माझी खोड सांगत होता.

तोडगा काढला आत्याबाईंनी. त्या म्हणाल्या, "अंगावर पिनारं लेकरू आईपून तोडलं तर पाप लागंल. उष्टावन होऊ द्या. अन्न खायाला लागलं की मग ते आईवाचून ऱ्हातंय." दोघांनाही ते पटलं. उष्टावणाला पहिला घास मामा भरवतो. म्हणजे दादानंच यायचं, त्यानंच पोरीला घास द्यायचा आणि त्यानंच मला गाडीत घालून न्यायचं. एका खेपेत दोन्ही कामं. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात, ते आईच्या बाबतीतही खरं असतं हे मला त्या दिवशी कळलं.

दादा गेला आणि मामंजींनी कणगीत हात घातला. भुसा झटकून वाडगा मांडीवर घेतला आणि पोरीला म्हणाले, "बाये, तुझ्या बापानं तुला वाडगा कबूल केलता. तो झाल्याबिगर उष्टावन न्हाई." मी चुलीपुढे होते. हातातली भाकरी तशीच राहिली. वाडगा होईपर्यंत उष्टावण नाही, आणि उष्टावण होईपर्यंत पोरगी माझी. वादी धरायला मी आयुष्यात इतक्या आनंदानं कधी गेले नव्हते.

सासऱ्यासमोर सुनेनं वादी ओढायची हे आमच्या घरात पहिल्यांदाच होत होतं. पदर हनुवटीपर्यंत ओढून मी बसले. मला फक्त लाकूड दिसे आणि मामंजींचे हात दिसत. तेही घरधन्यांसारखेच हात, फक्त कातडी सैल झालेली आणि नखं पिवळी. पहिल्या दिवशी मी चार ओढी ओढल्या आणि मला पुढे ओढवेना. त्यांनी हत्यार खाली ठेवलं आणि थांबले. माझे हुंदके बंद होईपर्यंत ते त्या हत्याराची धार अंगठ्यानं बघत बसले.

बाहेरची बाजू साफ गोल झाली. मग आतली आली. पहिल्या उतरणीच्या रेघा आत जशाच्या तशा होत्या. घरधन्यांची एक खोड होती, हत्यार उचलताना ते किंचित दाबायचे, त्यामुळे रेघेच्या शेवटी एक बारीक खाच पडे. मामंजी त्यांना त्यावरून लहानपणापासून रागवत आले होते. आता त्या खाचा वाडग्याच्या पोटात ओळीनं दिसत होत्या. वाडगा आतून गोल करायचा म्हणजे त्या सगळ्या छिलून टाकायच्या. मामंजींनी हत्यार आत नेलं, बाहेर काढलं. पुन्हा नेलं. मग पोरीला म्हणाले, "आज बास. तुझ्या आईला म्हनावं, दमली असंल."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आतलं काम तसंच सोडून बाहेर दगडाची खाच पाडायला घेतली. हे उलटं काम होतं. आधी आतून-बाहेरून घडवायचं आणि मग सजवायचं, हे वादी ओढणारीलाही कळतं. मी गप्प बसले. मला काय, जितकं उलटं तितकं लांब.

काठाखाली दोन बोटं रुंद खाच पडली. मग घरधन्यांनी वेचून ठेवलेल्या गारगोट्या मामंजींनी गोणपाटावर ओतल्या आणि लहान हातोडीनं फोडायला बसले. कपच्या मी निवडायच्या. खाचेत लाखेची पूड टाकायची, तापल्या सळईनं ती वितळवायची आणि ती मऊ आहे तोवर कपची दाबायची, एकीला एक भिडवून. लाख गार झाली की कपची हलत नाही. काम किचकट, पण आम्ही ते जितकं किचकट केलं तितकं ते नव्हतं. मी एखादी कपची बाजूला सारून पोरीला सांगे, "आज्याला म्हन, ह्यो रंग जुळत न्हाई." मामंजी ती उजेडात धरत, मान हलवत आणि म्हणत, "न्हाईच जुळत." मग काठी घेऊन ओढ्यावर जात आणि संध्याकाळी एक गारगोटी घेऊन परत येत. कधी बसवलेली कपची तेच सळईनं सैल करून काढत. आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो. त्यांना रेघा वाचवायच्या होत्या आणि मला पोरगी, आणि दोघांनाही दिवस हवे होते.

आत्याबाई आंधळ्या नव्हत्या. म्हणाल्या, "एवढ्यात वाडा बांधून झाला असता."

पण दगड संपले. खाच भरली. ओल्या कुरुंदाच्या दगडानं पट्टा घासायचा होता. मी वादी ओढत होते, मामंजी कुरुंद धरून होते, आणि राखाडी चिखलातून हळूहळू मधाचा रंग वर आला, त्यात मध्येच एखादा लाल ठिपका. पोरगी हात पसरून त्याच्याकडे झेपावली. ते बघायला घरधनी असायला हवे होते. व्यापाऱ्याच्या वाडग्यापेक्षा आपला चांगला झाला हे त्यांनी गावभर सांगितलं असतं आणि आत्याबाईंनी त्यांना वेडं म्हटलं असतं. मी पदराआड ओठ चावत ओढत राहिले.

शिवरात्र जवळ आली. पोरगी बसायला लागली होती, तिला पहिला दात आला होता. ती कुणाच्याही हातातल्या भाकरीकडे बघून तोंड हलवी, आणि मी तिला घाईघाईनं पदराखाली घेई. मुलीचं उष्टावण विषम महिन्यात करतात, तो महिना चालू होता. दादाचा निरोप आला, गाडी घेऊन येतो. वाडग्याची फक्त आतली बाजू राहिली होती.

मामंजी खरादापाशी बसले. वाडगा हातात होता. पोरीला म्हणाले, "बाये, आत हत्यार लावू वाटंना. तुझ्या बापाचा हात हाय त्यात. ऱ्हाऊ दे असाच."

मग माझा तोल गेला. मी पोरीला सांगितलं नाही, भिंतीला सांगितलं नाही. पदर वर केला आणि सासऱ्यांच्या तोंडाकडे बघून बोलले. "लाकडावरच्या रेघा तुमच्यानं सोडवंनात. मग माझ्या पोटचा गोळा मी कसा सोडू? न्हाई सोडवत मला. मला नेऊ द्या तिला."

आत आत्याबाईंच्या हातातून काहीतरी पडलं. मामंजींचा चेहरा मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा नीट पाहिला. डोळ्यांखाली काळे खड्डे पडले होते. त्यांनी मान खाली घातली, वाडगा खाली ठेवला आणि उठून ओट्यावर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगण झाडून आले तेव्हा ते खरादावर बसलेले होते. वाडगा चढवलेला, तोंड त्यांच्या बाजूला. मी वादी धरली. त्यांनी हत्यार आत घातलं आणि या वेळी काढलं नाही. पहिली ओढ, आणि शिसवाचा बारीक कीस बाहेर आला. मी ओढत गेले, ते छिलत गेले. वादीतून मला कळत होतं, आधी हत्यार उंचवट्यावर आदळत होतं, मग आदळणं कमी झालं, मग लाकूड सरळ वाहू लागलं. रेघा गेल्या. कीस मामंजींच्या धोतरावर पडला होता आणि पोरगी तो मुठीत धरून उधळत होती.

मला त्या सकाळी काय वाटलं ते सांगते. मला वाटलं, हा माणूस मला पोरगी देतो आहे. माझं बोलणं त्यांना लागलं आणि ते कबूल करताहेत. माझे हात हलके झाले. ओढता ओढता मी मनात तिची दुपटी बांधायला घेतली, गाडीत तिला ऊन लागू नये म्हणून काय करायचं तेही ठरवलं.

त्यांनी वाडगा उतरवला, तेलाच्या बोळ्यानं आतून पुसला. आत काही नव्हतं आता, नुसतं गुळगुळीत काळं लाकूड. मग ते माझ्याकडे वळले आणि पोरीला मध्ये न घालता, थेट मला म्हणाले, "पोरी, माझं मी सोडलं. आता तुझं तू सोड."

ते पुढे म्हणाले, "ती गेली तर ह्या घरात त्याचं काय ऱ्हातंय?" आणि ते रडू लागले, तोंड उघडं ठेवून, आवाज न करता. मला त्यांचा संताप आला. तो अजून गेलेला नाही. पण त्या माणसाचा द्वेष करायचा म्हटलं तर तेही जमलं नाही, आणि कशाचं काही न जमणं फार वाईट असतं.

पुढचं थोडक्यात सांगून टाकते, म्हणजे मग ते मध्ये येणार नाही. आष्टीकडचा माणूस भला निघाला. मला मुलगे झाले, नातवंडं झाली. पोरीला मामंजींनी वाढवलं, तिचं लग्न केलं. मला बोलावणं आलं नाही, पाटाच्या बाईनं लग्नाच्या मांडवात उभं राहायचं नसतं. ती नांदते आहे असं कानावर येतं. मी एकदा दादाला म्हटलं होतं, मला लांबून तरी दाखव. तो म्हणाला, कशाला उगाच, ती आत्याबाईंनाच आई म्हणते.

उष्टावणाच्या दिवशी आत्याबाईंनी खीर केली. लाख उष्णतेनं मऊ होते, म्हणून मामंजींनी खीर स्वतः ताटात ओतून वारा घालून गार केली आणि मग वाडग्यात भरली. पाच-सहा शेजारणी जमल्या होत्या. त्यांनी वाडगा हातोहात फिरवला, दगडांवरून बोटं फिरवली. एक म्हणाली, "बापाचं लई मन व्हतं." दादानं पोरीला मांडीवर घेतलं. मी खांबाला टेकून उभी होते आणि देवाला एकच मागत होते, की ती थुंकू दे. पुष्कळ लेकरं थुंकतात. थुंकली तर म्हणता येईल, अजून अन्न सोसत नाही, अजून दोन महिने जाऊ द्या, पुढचा विषम महिना बघू.

दादानं बोटावर खीर घेऊन तिच्या ओठांना लावली. तिनं तोंड वाकडं केलं. खीर हनुवटीवर ओघळली. मी खांब सोडून एक पाऊल पुढे आले. मग तिची जीभ बाहेर आली, इकडे तिकडे फिरली, ओघळलेलं तिनं चाटलं, आणि तोंड उघडलं.

बायका हसल्या. दादानं दुसरा घास दिला, तिसरा दिला. तिनं दोन्ही हातांनी वाडग्याचा काठ पकडला आणि तो ओढू लागली. आत्याबाई सगळ्यांकडे बघत म्हणाल्या, "जगली म्हनायची माझी बाय." मीही हसले. खोटं नव्हतं ते सगळं. आपलं लेकरू चवीनं खाताना बघून कुठल्या आईला आनंद होत नाही?

दुपार टळली तसे दादानं बैल जुंपले. घरधनी गेल्यापासून पेटीत बांधून ठेवलेलं डोरलं मी काढून देव्हाऱ्यापुढे ठेवलं, जोडवी ठेवली, माहेरचं लुगडं नेसले. मग आत्याबाईंना म्हटलं, एकदा शेवटचं पाजते आणि निघते. त्यांनी पोरगी माझ्या हातात दिली आणि दार लोटून घेतलं.

ती झोपेला आली होती. तोंडाला खिरीचा वास होता. मी तिला पदराखाली घेतलं. तिनं तोंड लावलं, आणि सोडून दिलं. मी पुन्हा जवळ घेतलं. माझं अंग सकाळपासून भरून आलेलं, दूध आपसूक वाहत होतं, तिच्या गालावरून कानात गेलं. तिनं हातानं मला ढकललं आणि मान फिरवली. मी तिला म्हटलं, घे गं, थोडं घे, एवढंच घे. ती रडायला लागली.

बाहेरून आत्याबाईंचा आवाज आला, "काहून रडवतीस तिला? पोट भरलंय तिचं."

खरंच भरलं होतं. मी पदर सावरला, दार उघडलं आणि तिला त्यांच्या हातात दिलं.